बकुळेचे तीन विषय

गुरवाच्या बकुळेच्या हाती विद्यालयाचा कागद पडला आणि तिचं तोंडच उतरलं. शेवटच्या दोन वर्षांत तीनच विषय शिकायचे होते. तिने मनाशी धरले होते वनस्पती, वैद्यक आणि गायन. कागदावर मात्र गंभीरराव महाराजांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, गणित, न्याय, युद्धनीती. यंदा महाराजांनी हट्टच धरला होता, सगळ्या मुलांचे विषय आपणच निवडायचे!

देवळासाठी बेल, दुर्वा, आघाडा खुडता खुडता बकुळेला शंभरेक पानांचे गुण पाठ झाले होते. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, तलवार मला पेलत नाही. माझे विषय मला निवडू द्या."

"पोरं कधी निवडतात का?" महाराज म्हणाले. "रस्ता कुठून काढायचा, जत्रा कधी भरवायची, शिपायांनी मिशा केवढ्या ठेवायच्या, सगळं आम्हीच निवडतो. कुणाचं काही अडलंय?"

"नाही महाराज. मिशा झकास आहेत."

दरबारात खसखस पिकली. महाराज इरेला पेटले.

"मग ऐक! आम्हाला तुझ्यासाठी निवडता येणार नाही अशी एक तरी गोष्ट उद्या दुपारपर्यंत दाखव. नाहीतर परवापासून मुकाट्याने तलवार धरायची."

चातुर्मास तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी वाड्यात राजोपाध्ये एकेकाच्या नेमाचा संकल्प सांगत बसले होते. बकुळा नारळ घेऊन आली.

"महाराज, मला चार महिन्यांचा नेम धरायचाय. तो तुम्हीच निवडा."

महाराज खूश झाले. "एवढंच ना? चार महिने गोडाला शिवायचं नाही. बघू तरी कशी राहतेस!"

"मग संकल्पही तुमच्याच हातून होऊ दे."

महाराजांनी सवयीने उजवा तळहात पुढे केला. उपाध्यांनी सवयीने त्यावर पळीभर पाणी घालून मंत्र म्हटला. महाराजांनी पाणी ताम्हणात सोडलं.

"गुरुजी," बकुळेने हात जोडून विचारलं, "आता हा नेम पाळायचा कुणी?"

गुरुजींचा चेहरा पडला. "ज्याच्या हातून पाणी सुटलं त्याने. पण महाराजांना तर जेवणात तीन वाट्या बासुंदी..."

"अहो, नेम हिचा होता!"

"निवडला तुम्ही महाराज. मी नुसता नारळ आणला."

"मग घे ती पळी. नेम आमचा, पाणी तू सोड."

"मनातून 'मी करीन' आल्याशिवाय मी पाणी सोडायची नाही. आणि ते माझ्या मनात तुम्हाला कसं घालता येईल? झाली ना तुम्हाला न निवडता येणारी गोष्ट? विषयांचंही तेच. निवडलेत तुम्ही, तर दोन वर्षं वर्गात बसून परीक्षाही तुम्हीच द्यायची. पहिल्या रांगेत तुमची पाटी पुसून ठेवून आलेय मी."

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी दोन्ही हातांनी सावरावी लागली.

"नेम आम्ही पाळू," ते डोळे पुसत म्हणाले. "आमची चार महिन्यांची बासुंदी विद्यालयात वाढा, आणि विषयांचे कोरे कागद मुलांच्या हाती द्या. पहिला हिला."

बकुळेने तिथेच बसून तीन विषय लिहिले. महाराजांनी वाकून पाहिलं.

"वैद्यकाच्या जोडीला गाणं कशाला गं?"

"काढा कडू असतो महाराज. पिताना रोग्याला काहीतरी गोड नको?"

महाराज पुन्हा खो खो हसले, आणि त्यांनी आपला तानपुरा मागवून तिच्या हाती दिला.