तबकडीत पुटपुटणारा माणूस

“...आणि मग हा मागं पुटपुटतोय तो कोण, माई?”

गद्र्यांनी सुई उचलली. फोनोचा कर्णा गप्प झाला.

सगुणामाई सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“मला नाही ऐकू आला.”

“कुणालाच येत नाही. मलाच येतो.”

आता हे विद्याधर गद्रे म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे. तरुणपणी ते पुण्याहून थेट गोव्यात, माईंच्या दारात गाणं शिकायला येऊन बसले होते. माईंनी वर्षभर सा लावून घेतला आणि सांगून टाकलं, बाबा रे, गळा तुझा नाही, पण कान आहेत. गाऊ नको. ऐकत जा.

गद्र्यांनी ते मनावर घेतलं. पुढं पुण्यात त्यांच्या कानांचा असा दबदबा झाला की विचारू नका. सध्या आपण कोणत्या तबकड्या ऐकतोय आणि त्या कशा वाटल्या, हे ते दर रविवारी मंडळींना लिहून आणून वाचून दाखवायचे. चांगले जाणते रसिकसुद्धा गद्रे काय म्हणतात ते ऐकून मगच गाणं लावायचे. गद्र्यांनी नाक मुरडलं की संपलं, मग गाणारा कितीही मोठा असो.

लग्न नाही, मूलबाळ नाही, दुसरा कसला नाद नाही. जन्मभराची कमाई म्हणाल तर ती कानात. आणि त्या कानातच हा माणूस शिरला होता.

“आधी एकाच तबकडीत होता,” गद्रे म्हणाले. “वाटलं, गाणं भरताना कुणीतरी बोललं असेल. मग दुसरीत आला. आता सगळ्यांत आहे. सुई बदलली, यंत्र बदललं. तुमच्या यंत्रावरही तोच. माई... पावसाळ्यापासून मी गाणं असं ऐकलेलंच नाही.”

हे म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. एवढा मोठा माणूस, पण माईंसमोर लपवणार तरी काय?

“काय बोलतो तो?”

“कळत नाही. कान दिला की आवाज खाली नेतो.”

“मग देऊ नको कान. लाव परत.”

तबकडी माईंच्याच उस्तादांची होती. मुलतानी रागाची. गद्र्यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. माईंनी उस्तादांच्या नावानं कानाची पाळी धरली. गद्र्यांनी चावी दिली, सुई टेकवली आणि मुद्दाम बाहेर पोफळींकडे बघत बसले.

तानपुरे. षड्ज. आणि लगेच तो.

“आता गंधार येईल,” तो माणूस म्हणाला. “सरळ नाही यायचा. जरा अडखळत.”

गंधार आला. जरा अडखळत.

“आता आवाज मागं घेतील.”

उस्तादांनी आवाज मागं घेतला.

गद्र्यांची पाचावर धारण बसली. “माई, तो पुढचं सांगतोय. आधी तो बोलतो, मग उस्ताद गातात.”

“समेच्या आधीच दाद देणाऱ्यांतला दिसतो,” माई म्हणाल्या. “असल्यांना आम्ही बैठकीतून उठवत असू. बोलतो कसा? शब्द कसे आहेत?”

तबकडी संपून सुई नुसतीच खरखरत राहिली.

“शब्द माझे आहेत,” गद्रे म्हणाले. “येत्या रविवारी मी हेच लिहिणार होतो. अजून लिहिलेलं नाही.”

“मग गप्प बस की.”

“मी गप्पच होतो माई. तोंड उघडलं का मी?”

माई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. सुई त्यांनीच पुन्हा पहिल्यापासून लावली, तानपुरे सुरू झाले, आणि त्यांनी आपला तळहात गद्र्यांच्या तोंडावर ठेवला. चांगला दाबून.

पुटपुट थांबली.

उस्ताद गात होते. बस्स, तेवढंच. गंधार आला, आणि येण्याआधी कुणी त्याची वर्दी दिली नाही. हा स्वर गद्र्यांनी आजवर किती वेळा ऐकला होता, त्यावर किती लिहिलं होतं! पण आज तो समोर येऊन उभा राहिला आणि त्यांना त्याचं नावही आठवेना. गाण्यात इतका आनंद असतो, हेच ते विसरून गेले होते. डोळ्यांतलं पाणी माईंच्या बोटांवरून ओघळत राहिलं.

गाणं संपलं. माईंनी सुई उचलली, यंत्र थांबवलं आणि तोंडावरचा हात काढला.

“माई...” गद्र्यांना धड श्वास घेता येईना. “काय गंधार होता हो तो. तो गंधार म्हणजे...”

शब्द सापडेना. ते थांबले.

“...म्हणजे विझत्या दिव्याला कुणी हाताचा आडोसा करावा ना, तसा,” कर्णा म्हणाला.

सुई वरच होती. तबकडी फिरत नव्हती. आणि आवाज गद्र्यांचाच होता, रविवारी मंडळींना वाचून दाखवतानाचा, जरासा नाकातला, एकेक शब्द चघळत बोलणारा.

या वेळी माईंनाही ऐकू आला. त्यांनी कर्ण्याकडे बघितलं.

“बरा बोलतो,” त्या म्हणाल्या.

गद्र्यांनी त्यांचे पाय धरले. “माई, कानाला खडा. आजपासून लिहायचं नाही, बोलायचं नाही. पण ह्याला घालवा. मला मरेपर्यंत ऐकायचंय हो. दुसरं काय आहे माझ्याजवळ?”

“मी म्हातारी. माझा हात कुठवर पुरणार? ... तुझा ठेव.”

गद्र्यांनी आपलाच तळहात आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला. माईंनी चावी दिली, सुई टेकवली.

तानपुरे. षड्ज.

कुणी पुटपुटलं नाही. गद्र्यांचे खांदे सैल पडले. सुटलो, असं त्यांना वाटलं.

मग त्यांना ते जाणवलं.

हाताखाली ओठ हलत होते.

त्यांनी दात आवळले. ओठ आवळले. तरी हलत होते. सावकाश, रेंगाळत, मोठमोठी वाक्यं. आवाज नव्हता, पण प्रत्येक शब्दाची वाफ तळहाताला लागत होती. त्यांनी भेदरून माईंकडे बघितलं. गंधार जवळ आला होता.

माई परत भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हात काढू नको,” त्या म्हणाल्या. “आधी कोण दमतंय, बघू.”