म्हशीवरचा चौथा बगळा

रंगपेटीतली मंडळी आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. नव्या कुंचल्याने गॉश या दाट, अपारदर्शक जलरंगात काळी म्हैस रंगवली आणि लगेच तिच्या पाठीवर पांढरा बगळा काढायला घेतला. खालचा ओला काळा रंग वर आला आणि बगळा राखाडी झाला. घासून पाहिलं, तर आणखीच मळला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच!

"मी काही हटणार नाही," कुंचला म्हणाला.

"मग थांब," केस झडलेला म्हातारा कुंचला म्हणाला. "काळा वाळू दे. पांढरा सायीसारखा दाट घे. एकदाच टेकव, घासू नकोस."

थांबणं फार जड गेलं, पण तो थांबला. चौथा बगळा पांढराशुभ्र उतरला.

"आता ते तीन झाकून टाकू या?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नको," कुंचला म्हणाला. "ते याच्या आधी आलेत."