आक्कांची पसंती

डोंगरातून उतरणाऱ्या एका ओढ्याला खाली खोल डोह होता, आणि त्या डोहात लहान माशांची वस्ती होती. मुलांनो, या वस्तीची रीत तुम्हाला आधी सांगितली पाहिजे. तिथे अंडी सांभाळणे हे बापाचे काम असे. नर मासा दगडाखालची जागा झाडून घरटे करी, मादी त्यात अंडी घालून निघून जाई, आणि पुढे पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर आपल्या परांनी पाणी हलवत राही. पाणी थांबले की अंड्यांवर गाळ बसतो आणि ती मरतात. म्हणून कुणाच्या घरट्यात अंडी घालायची, हे मासोळीला फार पारखून ठरवावे लागे.

त्या डोहातली एक धाकटी मासोळी पहिल्यांदाच अंडी घालणार होती. तिने सगळा डोह हिंडून पाहिला आणि एका मातकट रंगाच्या माशापाशी ती थांबली. दिसायला तो काही खास नव्हता. पण त्याचे घरटे लख्ख होते, आणि आत एकही अंडे नसताना तो आपला पाणी हलवत होता. शेजारी त्याला चिडवत, "बघा, बघा, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय!" माशाला गुडघे नसतात, पण टोमणे मारणाऱ्याला त्याचे काय! मासोळीने विचारले, "रिकाम्या घरट्यात कशाला हो दमता?" तो म्हणाला, "सवय असलेली बरी. ऐन वेळी पर भरून आले तर काय करू?" मासोळीला तो मनापासून आवडला. "उद्या सकाळी येते हं," असे सांगून ती गेली, आणि त्याने लगेच घरट्यातला एकेक खडा पुन्हा साफ करायला घेतला.

सकाळी ती निघाली खरी. पण वाटेत एक मोठा कातळ होता आणि त्याखाली तांबड्या पोटाच्या एका देखण्या माशाचे घरटे होते. तिथे ही गर्दी! "काय झालं गं?" तिने विचारले. "अगं, तुला ठाऊकच नाही? काल आक्का दुपारभर इथेच होत्या. आक्कांनी तांबड्याला पसंत केलं!" आक्का म्हणजे डोहातली सर्वांत वडीलधारी मासोळी. त्यांना पाहून एक आली होती, तिला पाहून दुसरी, त्या दोघींना पाहून आणखी चौघी. आपल्या मासोळीचे मन डळमळले. "मातकटाकडे तर कुणीच फिरकलेलं नाही. एवढ्या जणी काय खुळ्या आहेत? चुकत असेन तर मीच." ती गर्दीत घुसली आणि मिळाली त्या कोपऱ्यात तिने आपली सगळी अंडी घातली. तिच्या अंड्यांवर मागून आलेल्यांनी आपली घातली.

तांबडा आळशी होता असे नाही हं. पण दोन पर किती पुरे पडणार? तो या टोकाला पाणी हलवी तोवर त्या टोकाला गाळ बसे. काही दिवसांनी मासोळी मोठ्या हौसेने पाहायला आली, तर खालच्या थरातली अंडी पांढरी पडून त्यांना बुरशी धरली होती. तिची सगळीच्या सगळी त्यात होती. "माझी का नाही सांभाळलीत?" ती ओरडली. तांबडा थकून म्हणाला, "बाई, मी एकीला तरी बोलावलं होतं का? तुम्हीच एकमेकींकडे बघून आलात."

रडत रडत ती आक्कांकडे गेली. "आक्का, तुम्ही त्याला निवडलंत म्हणून मी गेले हो!" आक्का चकित झाल्या. "मी? मी कशाला निवडू त्याला? अगं, त्या दिवशी वर फांदीवर खंड्या बसला होता, मेला टपून. तो उडेपर्यंत त्या कातळाआड दडून राहिले, एवढंच. माझी अंडी यंदा उंबराच्या मुळांपाशी दुसऱ्याच एकाच्या घरट्यात आहेत. पोरी, मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंस!" इतक्या जणी गेल्या, पण विचारायचे एकीलाही सुचले नव्हते.

परतताना ती मातकट माशाच्या घरट्यावरून गेली. ते अजून लख्ख होते, अजून रिकामे होते, आणि तो अजून पाणी हलवत होता. तिला पाहताच तो बाजूला सरकला. "आलात? या ना. जागा आहे." मुलांनो, तो चिडला असता तर तिला बरे वाटले असते. "आता माझ्यापाशी काही उरलं नाही," ती कशीबशी म्हणाली. ते ऐकून त्याने पर मिटले आणि घरट्याच्या तोंडाशी तो नुसता पडून राहिला.

तात्पर्य : चारचौघी वळल्या तिकडे वळणे सोपे असते; पण त्यात झालेले नुकसान वाटून घ्यायला चारचौघी येत नाहीत.