धुराची फेरी

फार पूर्वी, विहिरीवरच्या लहानशा इंजिनात एक पिस्टन राबायचा. खाली जात हवा-पेट्रोल ओढायचं, वर येत ते दाबायचं, ठिणगी पडली की दणक्यात खाली यायचं आणि पुन्हा वर जाऊन धूर बाहेर ढकलायचा.

"खरा जोर माझा! तू धूर काय उपसत बसतोस?" एकदा ठिणगी म्हणाली. पिस्टनला ते लागलं. धूर न काढताच तो थांबला, नि इंजिन बंद पडलं.

पाणी थांबलं तशी मळ्यातल्या मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या. मळ्याच्या मालकीण गोदाक्कांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. ठिणगी तडतडली, पण धुरात काही पेटेना.

"अरे, हवा तरी दे!" ती कळवळली.

"आधी घर झाडू दे," पिस्टन म्हणाला. गोदाक्कांनी पुन्हा दोरी खेचली. पिस्टनने नेट लावून सगळा धूर हाकलला, ताजं हवा-पेट्रोल ओढून दाबलं नि ठिणगीने ते पेटवलं. पाटात पाणी आलं.

तेव्हापासून धुराच्या फेरीला ठिणगी गप्प बसते.