बांधावरचे प्रेक्षक

माणसांच्या कितीतरी आधी रानात सशांचा फुटबॉल संघ होता. तळ्याच्या बांधाखाली त्यांचं मैदान होतं. बांधावर बसून बेडूक असा गलका करत, की हरत आलेला सामनाही ससे जिंकत.

पुढे गर्दी वाढली. "बांध खोदून पायऱ्या करू, दुप्पट प्रेक्षक बसतील," कोल्हा सभेत म्हणाला.

तळ्यातलं म्हातारं कासव दचकलं. बांध पातळ झाला, तर पाणी झिरपून जाणार. पण आपण जन्मभर नुसता विचारच केला, बांध कधी बांधलाय?

"आजोबा, बोलताय की झोपलात?" कोल्ह्याने टोमणा मारला. सगळे हसले.

"तुम्ही म्हणता, तर बरोबरच असेल," कासव पुटपुटलं.

पायऱ्या झाल्या. पौषातच तळं आटलं. बेडूक पाणी शोधत निघाले आणि कित्येक वाटेतच सुकून गेले.

पुढच्या सामन्याला सगळ्या पायऱ्या भरल्या. सशांनी गोल केला. टाळ्या पडल्या, पण तो गलका काही उठला नाही. ससे हरले.

त्यांचा कप्तान कासवाजवळ येऊन बसला. "आजोबा, असं होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं, बाळा," कासव म्हणालं. "खात्री नव्हती."