तांबसड्याच्या आईला चुना का चालत नाही

तांबसड्याची चढण संपते तिथं उजव्या हाताला एक बसका, भोकाभोकांचा जांभा दगड आहे. पान खाणारा, तंबाखू मळणारा माणूस वर आला की आपली चुन्याची डबी आधी या दगडावर ठेवतो आणि मगच पुढं जातो. तुमच्यापैकी कुणाच्या खिशात असेल तर ठेवा बापांनो. कुणी नेत नाही, परत जाताना घ्या. पुढं गाव लागेल, तेही बघत चला. घरं सगळी तांबड्या मातीनं सारवलेली, पांढरी भिंत एक दिसायची नाही. गावाच्या टोकाला करवंदीच्या दाट जाळीत आईचा पार आहे, त्यालाही चुन्याचा हात कधी फिरत नाही. येणारे जाणारे विचारतात, देवीला चुना नको, असं कुठं असतं का? असतं. त्यामागं एक हकिकत सांगतात.

फार मागची गोष्ट आहे. सड्यावर, म्हणजे या डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, सटवाजी नावाचा एक लोणारी राहायला आला. लोणारी म्हणजे चुना भाजणारा. खाली देशावर ओढ्याओढ्यांतून चुनखडी हवी तेवढी, पण भट्टीला लाकूड मिळेना. वर लाकूड उदंड. म्हणून तो गाढवांवर खडे लादून वर आणी, इथं भाजी, आणि घाट उतरणाऱ्या व्यापाऱ्यांना चुना देई. माणूस कष्टाळू, आणि स्वभावानं मोठा चौकस. मुंगी कुठं निघाली हे बघत उन्हात उभा राहील असा.

त्याच्या बायकोची, ठकूची, दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या खेपेला सटवाजीनं डोईचं मुंडासं जाळीतल्या आईपुढं ठेवलं आणि नवस बोलला, "आई, हिला सुखरूप सोडव. दर वर्षी तुझा पार असा पांढराशुभ्र करीन, की खालच्या गावांतनं दिसंल." ठकूला मुलगी झाली. तिचं नाव आवडी ठेवलं. सुईणपण केलं म्हाळसानं. म्हाळसा म्हणजे जाळीची राखण करणारी म्हातारी, मागं पुढं कुणी नसलेली. जाळीशेजारच्या खोपटात राहायची.

सटवाजीनं नवस फेडला, तोही हातचं न राखता. दर चैत्रात पाराला चुन्याचे तीन तीन हात द्यायचा. उरलेला गाळ घरी काय न्यायचा, तो आईचाच, म्हणून जाळीच्या मुळात ओतायचा. पार असा झळके की माणसं लांबून हात जोडत.

आता इथली एक रीत त्याच्याही आधीची. वैशाखात पहिलं करवंद आईच्या जाळीचं तोडायचं. ते म्हाळसानं जिभेवर ठेवलं की मग गावानं रानातल्या जाळ्यांना हात लावायचा, त्याआधी नाही. आणि वैशाख म्हणजे धान्याच्या कणग्या रिकाम्या व्हायचे दिवस. गाव करवंदांवर दिवस काढी, आणि पानाच्या द्रोणांत भरून खालच्या बाजाराला नेऊन त्यावर मीठ नि दाणे आणी.

नवसाच्या पहिल्या वर्षी आईच्या जाळीला फळ थोडं कमी धरलं. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली. तिसऱ्या वर्षी एक फळ लागलं नाही. सगळा डोंगर पिकून काळा झाला होता, पण हात लावायचा कुणी? पोरं जाळ्यांपाशी उभी राहून आवंढे गिळत. माकडांनी खाल्ली, बुलबुलांनी खाल्ली, उरली ती गळून मातीला मिळाली.

गाव पारावर जमलं. राणोजी पाटील होते. एकजण म्हणाला, "म्हातारीचं ताक भोवलं. रोज आंबट ओतून ओतून मुळं जाळली तिनं."

कारण म्हाळसा रोज सकाळी जाळीच्या बुडाशी तांब्याभर आंबट ताकाचं पाणी घाली, आणि रानातला कुजका पाला आणून पसरी. करवंदीला आंबट माती मानवते, असं तिच्या सासूनं तिला सांगितलेलं.

म्हाळसा म्हणाली, "माज्या सासूनं घातलं, तिच्या सासूनं घातलं. तवा न्हाई जळली ती?"

"तवाच्या म्हशी येगळ्या असत्याल," पाटील म्हणाले, आणि माणसं हसली.

निकाल झाला. ताक बंद. आंबटपणा मोडायला घरटी एक पाटी चुलीची राख जाळीत टाकायची. आणि पुढच्या वैशाखात फळ नाही धरलं, तर म्हाळसानं खोपट सोडून गावाबाहेर व्हायचं. कुठं, ते कुणी बोललं नाही.

सटवाजी हे ऐकत कडेला उभा होता. जाताना त्यानं जाळीचं एक पान तोडून घेतलं. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. असलं पान आपण कुठंतरी पाहिलंय, एवढंच त्याच्या मनात राहिलं. चार दिवस ते पान मुंडाशात खोचून हिंडला.

पाचव्या दिवशी गाढवं घेऊन भट्टीखालून येत होता. पावसात भट्टीचा पांढरा ओघळ जिथून वाहायचा, तिथं करवंदीची दोन झुडपं होती. पानं पिवळी, शिरा हिरव्या. सटवाजी थबकला. ओघळापासून दहा पावलं वर गेला. तिथली झुडपं काळीशार. पुन्हा खाली आला. पिवळी. गाढवं कंटाळून आपली आपण घरी गेली, तरी हा वरखाली करतोच आहे.

चुना भाजणाऱ्याला एक सवय असते. खडा आत भाजला का, हे तो जिभेचं टोक लावून ओळखतो. सटवाजीनं वरच्या झुडपाखालची चिमूटभर माती जिभेवर ठेवली. आंबूस लागली, शिळ्या आंबिलीसारखी. ओघळातली ठेवली. आधी काहीच चव नाही, मग टोकाला ओळखीचा चटका. तसाच उठून तो आईच्या जाळीत गेला, पाराच्या बुडाशी बसला, आणि तिथली माती चाखली. तोच चटका. इथं तर जास्तच.

मागून म्हाळसा आली. "का रं सटवा, माती खातूस? डोहाळं ठकूला लागल्यात का तुला?"

सटवाजीला हसू आलं नाही. तो तिच्याकडं बघेना. तसाच घरी आला आणि ठकूला सगळं सांगितलं. म्हणाला, "गप बसलो तर म्हातारी जाईल. बोललो तर भट्टी जाईल. भट्टीचं न्हाई गं एवढं. पण नवस मोडला आन् आईनं आवडीला माघारी मागितलं, तर?"

ठकू पोरीचे केस विंचरत होती. तिनं फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "आईनं पोरगी दिली ती म्हाळसाआत्याच्या हातात. तेच हात गावाबाहेर घालवून आईला काय दाखवायचं? पांढरा पार?"

दुसऱ्या दिवशी सटवाजीनं पाटलांना आणि सगळ्या गावाला पारावर बोलावलं. पानावर दोन चिमटी माती ठेवली, एक रानातली, एक आईच्या जाळीतली. "पाटील, जरा चाखा."

"मी? माती खाऊ?"

"खाऊ नगा, नुसती जिभंला लावा. माजं तर काल माती चाखूनच प्वाट भरलंय."

पाटलांनी चाखली. एक चिमूट आंबूस. दुसरीला तोंड वाकडं करून थुंकले. मग सटवाजीनं हात जोडले. "आत्याचं ताक बरोबर हुतं. जाळी माज्या चुन्यानं मारली. राखंनं तुमी त्यात भर घातली, पर मूळ गुन्हा माजा. नवस बोलताना मला डोळ्यांना काय बरं दिसंल ते बोललो. आईला काय रुचतं, ते इचारलंच न्हाई."

कुणी शिव्या दिल्या, कुणी काठी उचलली. सटवाजी हलला नाही. त्यानं आवडीला उचलून आईच्या पायाशी बसवलं. "चुकलो, आई. नवस मोडतो. तुला राग धरायचा तर माज्यावर धर, हिच्यावर नगो." आणि तडक जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं भट्टी फोडली. काठी उचललेला माणूस ती खाली टाकून त्याच्याबरोबर दगड ओढायला लागला, असंही सांगतात.

मग दोघं नवराबायको जाळीत शिरली. पाराचा चुना खरवडला. मुळांना धक्का लागणार नाही असं खुरप्यानं हातभर खोल उकरून पांढरी माती बाहेर काढली, आणि रानातली तांबडी, पाल्यानं कुजलेली माती पाट्यांनी आणून भरली. प्रत्येक पाटीतली माती सटवाजी चाखे. आंबट नसली तर पाटी परत. काटे लागून दोघांचे दंड सोलून निघाले. म्हाळसाचं ताक पुन्हा सुरू झालं, आणि आता घराघरांतून तांब्या येऊ लागला.

पुढच्या वैशाखात फळ नाही. गावानं रानाला हात लावला नाही, आणि म्हाळसाला जा असंही कुणी म्हटलं नाही. पाटलांच्या घरच्या कणगीत होतं ते त्या साली सगळ्यांत वाटलं गेलं. पावसाळ्यानंतर जाळीला काळी हिरवी पालवी फुटली. आणि त्याच्या पुढच्या वैशाखात सात करवंदं धरली. सातच.

म्हाळसानं पहिलं तोडलं. मान तिचा होता. पण तिनं ते सटवाजीपुढं धरलं. "घे रं. सगळी माती तूच खाल्लीस, आता ह्ये खा."

सगळं गाव भोवती गोळा झालं होतं. सटवाजीनं करवंद तोंडात टाकलं, डोळे मिटले. पाटलांना राहवेना. "आरं, बोल की! कसं हाय?"

सटवाजीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याला एवढा एकच शब्द सुचला, "आंबट!"

आणि आवडी? ती चांगली म्हातारी होऊन, नातवंडं पतवंडं बघून गेली. गावातली निम्मी घरं आपल्याला तिच्या वंशातली म्हणवतात.

आजही वैशाखात जाळीचं पहिलं करवंद तोडतात, तेव्हा एकाच्या तोंडात ते घालून सगळं गाव त्याला विचारतं, "कसं हाय?" ते काळंभोर, गुळासारखं गोड असलं, तरी त्यानं तोंड वेडंवाकडं करून एकच उत्तर द्यायचं, "आंबट!" तो तसं म्हणाला, की बायकापोरं पाट्या उचलून रानाकडं धावत सुटतात.