राखणदार गप्प राहिला

राज्य कोणत्या राजाचं होतं हेही आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळी, समुद्राकडे उतरणाऱ्या एका डोंगरावर घनदाट जंगल होतं. पायथ्याच्या गावाने त्या जंगलावर धाकू नावाचा राखणदार नेमला होता. तो ‘हो’ म्हणेल तेच झाड तोडायचं, असा गावाचा नियम. धाकूला तिथलं झाडन् झाड ठाऊक होतं.

एके दिवशी बंदरावरून एक व्यापारी आला. म्हणाला, “समुद्रापलीकडे आल्याला फार मागणी आहे. डोंगर मोकळा करा, आलं लावा. पिकेल तेवढं मी उचलतो.”

गाव हरखलं. धाकूही हरखला. तो झाडांवर खुणा करत पुढे चालला आणि मागून कुऱ्हाडी चालल्या. एक उतार मोकळा झाला, मग दुसरा.

तिसऱ्या उतारावर एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी पिल्लांना घेऊन बसली होती. ढोलीचं तोंड तिने आतून लिंपून घेतलं होतं. जेमतेम चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवली होती. नर त्या फटीतून तिला फळं भरवायचा. धाकूने हे अनेकदा पाहिलं होतं.

“धाकूदादा, घालू ना घाव?” कुऱ्हाडवाल्याने विचारलं.

बंदरात आल्याचं बियाणं घेऊन व्यापाऱ्याचं गलबत थांबलं होतं. धाकूने नुसती होकारार्थी मान हलवली.

झाड पडलं, ढोली फुटली. आत काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

दुपारी नर चोचीत उंबर घेऊन आला. झाड होतं तिथे नुसतंच आभाळ होतं. तो घिरट्या घालत राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही आला.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं का हो?” धाकूच्या बायकोने, येसूने, विचारलं.

“होतं,” धाकू म्हणाला आणि भरल्या ताटावरून उठला.

तीन पावसाळ्यांत उघड्या उतारांवरची माती वाहून गेली. आलं जमिनीतच कुजलं. बारमाही ओढा थंडीतच आटू लागला.

व्यापारी धाकूला म्हणाला, “पलीकडचा डोंगर अजून हिरवा आहे. चल माझ्याबरोबर. तुझा शब्द लोक ऐकतील.”

धाकू गेला. तिथल्या पारावर गाव जमलं. व्यापाऱ्याचं बोलून झालं. धाकू उभा राहिला, पण त्याला मान वर करवेना.

“ढोलीत जीव आहेत हे मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “‘नको’ एवढा एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडून निघाला नाही. आज आमच्या डोंगरावर सावली नाही, पाणी नाही. येऊन बघा.”

त्या गावची एक म्हातारी स्वतः जाऊन बघून आली. मग त्या गावाने व्यापाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

धाकूच्या गावाने उरलेल्या जंगलावर दुसरा राखणदार नेमला. धाकूने तक्रार केली नाही. तो उघड्या उतारावर रोपं लावत राहिला. वाटेने कुणी हाक मारली, तर ओ द्यायचा. नजर मात्र मातीतच ठेवायचा.

तात्पर्य : राखायला दिलेल्या गोष्टीवर घाव पडताना जो गप्प राहतो, तो घाव त्याचाच असतो.